सव्वा लिटर

जेलरोडच्या वळणावर जयराम मिस्त्रीचं पत्र्याचं शेड होतं, आणि शेडच्या मानानं त्याचा बोर्ड फारच मोठा होता. 'जयराम कोंडाजी पगारे, मोटार मेकॅनिक. गळती शोधणे हे आमचे खास काम.' काळ्या रंगावर पिवळी अक्षरं, आणि त्यात बापाचं नाव पेंटरला सांगून बोटभर मोठं काढून घेतलेलं. कोंडाजी पगारे जन्मभर दुसऱ्यांच्या बैलगाड्यांना वंगण घालत राहिले. आपलं नाव असं रस्त्यावर लागलेलं पाहायला ते उरले नाहीत. जयराम रोज सकाळी शेड उघडायच्या आधी ओल्या फडक्यानं बोर्ड पुसायचा, आणि त्याची बायको लंकाबाई म्हणायची, की एवढं घासून हा माणूस स्वतःचं तोंड कधी धूत नाही.

माणूस गर्विष्ठ होता, यात लपवण्यासारखं काही नाही. पण त्याचा गर्व फुकटचा नव्हता. नाशिक रोडच्या ट्रक स्टँडवर ज्या गाडीपुढे बाकीचे हात टेकत, ती शेवटी त्याच्याकडे यायची. त्याची रीत साधी होती. कपड्यांना घालायची नीळ तो रेडिएटरच्या पाण्यात सोडायचा आणि गाडी तापवायचा. पाणी वाळून जातं, धुळीत मुरतं, वाफ होऊन उडतं. नीळ मागे राहते. मग तो मांजरपाटाचं पांढरंशुभ्र फडकं एकेका सांध्यावर दाबत जायचा. जिथं फडकं निळं झालं, तिथं गळती. ते फडकं गिऱ्हाइकाच्या नाकापुढे धरताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद असायचा, तो पाहून कुणालाही थोडा रागच यावा.

चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यात, एका मंगळवारी, विंचूरचा नाथा आपली पिकअप घेऊन आला. कांदा आणि भाजीपाला नाशिक रोडला आणायचं त्याचं काम. सरकारी लिलावात निघालेली जुनी गाडी त्यानं दोन वर्षांपूर्वी घेतली होती. नवा हौदा बसवला होता, रंग तीनदा बदलला होता, इंजिनही दुसरं टाकलं होतं. इतके दिवस तो पहाटे माल आणायचा, तेव्हा तक्रार नव्हती. या उन्हाळ्यात बाजाराची वेळ बदलली आणि तो साडेदहाला विंचूर सोडायला लागला, तेव्हापासून रेडिएटरातलं पाणी कमी व्हायला लागलं. येताना कमी व्हायचं, परतताना नाही. दोनदा इंजिन जाम होता होता वाचलं होतं. स्टँडवरच्या म्हाताऱ्या फकिरा मिस्त्रीनं होज बदलले, पॅकिंग बदललं, भोक बुजावं म्हणून रेडिएटरात हळद टाकून पाहिली, आणि शेवटी सांगितलं, की ही गाडी भंगारात घाल.

"भंगारात घातली तर मी काय खाऊ, मिस्त्री?" नाथा म्हणाला. "घरात तेवढीच एक कमावती हाय."

फकिरा समोरच्या हॉटेलातच चहा पीत बसला होता. जयरामनं त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की शनिवारी संध्याकाळी नोटांच्या प्रेसचा भोंगा वाजायच्या आत निळा डाग दाखवीन. नाही दाखवला, तर हा बोर्ड माझ्या हातानं उतरवीन आणि पुन्हा पान्याला हात लावणार नाही. हॉटेलातली दहा-बारा माणसं वळून पाहायला लागली. फकिरानं चहा बशीत ओतला.

लंकाबाई मात्र रात्रीच्या जेवणाला बोलली. बोर्डावर सासऱ्यांचं नाव आहे, ते पैजेला लावायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असं तिनं विचारलं.

त्याच रात्री त्यानं गाडी उभ्या उभ्या तपासायला घेतली. रेडिएटरच्या तोंडाला सायकलचा पंप जोडून हवा भरली आणि रात्रभर तशीच ठेवली. बुधवारी सकाळी हवा होती तेवढीच. ऑइलच्या पट्टीवर पाण्याचा अंश नव्हता. धूर स्वच्छ होता. खाली वर्तमानपत्रं पसरून दोन तास इंजिन चालू ठेवलं, कागदावर थेंब नाही. रेडिएटरच्या खालच्या अंगाला एक जुना कथलाचा टाका होता, त्याच्यावरही त्यानं फडकं दाबलं. फडकं कोरडं, पांढरं. टाका इतका सफाईदार होता, की तो नाथाला म्हणाला, ज्यानं हा मारलाय त्याच्या हातात कसब आहे. दुसऱ्याच्या कामाला त्यानं चांगलं म्हटल्याचं नाथानं पहिल्यांदाच ऐकलं.

मग दोघं रस्त्यावर निघाले. जाताना काही नाही. विंचूरहून माल भरून येताना मात्र पाणी गेलं. डब्याच्या मापानं भरून पाहिलं, सव्वा लिटर. गुरुवारी पुन्हा तोच फेरा. यावेळी जयरामनं खराट्याच्या काडीला खूण करून घेतली आणि प्रत्येक गावाला गाडी थांबवून, ओलं पोतं घालून टोपण उघडून काडी बुडवली. नैताळे, निफाड, चांदोरी, पाणी खुणेवर. पुढं ओढा गावाला उघडलं, तर काडी निम्मी कोरडी आली. भरलं, सव्वा लिटर. खाली रस्ता कोरडा, इंजिन कोरडं, कुठंही निळा ठिपका नाही.

नाथा म्हणाला, चला, निदान जागा तरी कळली. जयरामनं मान हलवली, पण त्याला दुसरंच खटकत होतं. गळती कधी मापात गळत नाही. उन्हानं, चढानं, ओझ्यानं ती कमीजास्त होते. ही रोज सारखीच होत होती.

संध्याकाळी शेडमध्ये तो रेडिएटर उघडा टाकून विचार करत बसला होता. पुन्हा एकदा खात्री करायला त्यानं तेवढंच पाणी काढून घेतलं होतं, आणि मापाचा डबा ऑइलनं माखला होता. लंकाबाई त्याच्यासाठी प्यायला पाणी घेऊन आली. त्यानं तिच्या हातातला तांब्या घेतला आणि तसाच रेडिएटरात ओतला. पाणी काडीवरच्या खुणेला येऊन थांबलं. त्यानं तांब्या उलटा केला. आत थेंब उरला नव्हता.

लंकाबाईनं विचारलं, काय झालं. तो म्हणाला, काही नाही, दुसरं पाणी आण.

शुक्रवारी त्यानं बॉनेट काढून शेडमध्येच ठेवलं. चांदोरी सोडल्यावर तो स्वतः पुढच्या मडगार्डवर बसला, एक हात दिव्याला धरून, तोंड इंजिनाकडे करून, आणि नाथाला पायी चालण्याच्या गतीनं गाडी चालवायला सांगितली. पावणेबारा झाले होते. डांबर वितळून चाकांना चिकटत होतं. रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. इंजिनाची धग तोंडावर येत होती आणि घाम डोळ्यांत उतरत होता, पण जयरामनं डोळे मिटले नाहीत. सांधा अन् सांधा त्याच्यासमोर होता. असं काम दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, हे त्याला माहीत होतं, आणि त्याही वेळी त्याला ते बरं वाटलं.

मग वरचा रबरी होज आत ओढला गेला. कुणी त्याला तोंड लावून ओढावा तसा तो चपटा झाला, सुटला, पुन्हा चपटा झाला. इंजिनाच्या आवाजाखाली एक बारीक आवाज आला. जयरामनं आयुष्यभर इंजिनं ऐकली होती. हा आवाज इंजिनाचा नव्हता. तांब्या पाण्यात बुडवला की तो भरताना जसा बुडबुड करतो, तसा तो होता.

आवाज थांबला. जयरामनं मान वर केली.

डाव्या हाताला मैलाचा दगड होता. त्याच्यामागे खडीचा जुना ढीग, गवतात अर्धा बुडालेला. पलीकडे एक कडुनिंब. ती जागा त्याच्या ओळखीची होती. त्यानं ते नाथाला सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी तो एकटाच गाडीखाली शिरला. कंदील जवळ धरून त्यानं तो जुना टाका कानशीनं हलकेच खरवडला. वरचा रंग निघाला. खाली, कथलात, खिळ्यानं कोरलेला एक 'ज' होता. तो त्याचाच होता. शिकाऊ असल्यापासून आपल्या प्रत्येक टाक्यावर तो कोरायची त्याला खोड होती.

त्र्याहत्तर साली, दुष्काळात, तो तेवीस वर्षांचा होता. त्याच्या वस्तीतला लायसन काढलेला पहिला माणूस. सरकारनं याच पिकअपवर पाण्याची टाकी बसवून त्याच्या हाती दिली होती. रस्त्यांवर खडी फोडणाऱ्या माणसांसाठी तो पाणी न्यायचा. टाकीला कुलूप, किल्ली कामावरच्या मुकादमाकडे, मध्ये कुठंही थांबायचं नाही असा हुकूम. खाकी सदरा घालून, कोपर खिडकीबाहेर काढून तो गाडी चालवायचा. त्याच्या गाडीतून वाटेत थेंबही सांडत नाही, असं मामलेदारानं चारचौघांत म्हटलं होतं. ते वाक्य त्यानं किती जणांना सांगितलं असेल, याचा हिशेब नव्हता.

त्या मैलाच्या दगडाशी रोज दुपारी बाराला एक बाई उभी असायची. हातात पितळी तांब्या. गाडी दिसली की ती तांब्या वर धरायची. आठ-दहा दिवस. जयराम स्टिअरिंगवरून हात उचलून 'नाही' अशी खूण करायचा आणि पुढे जायचा. टाकीला कुलूप होतं, किल्ली मुकादमाकडे होती. मग एक दिवस बाई तिथं नव्हती. अकरा वर्षं तो स्वतःला कुलपाची गोष्ट सांगत आला होता, आणि ती खरीच होती.

शनिवारी सकाळी त्यानं पाण्यात नवी नीळ कालवली, रंग गडद होईपर्यंत. आज मी एकटाच जातो, असं त्यानं नाथाला सांगितलं. लंकाबाईनं पाणी पुढे केलं, ते त्यानं घेतलं नाही. गळती सापडली की पिईन, म्हणाला. हाही त्याचा ताठाच.

विंचूरहून परतताना चांदोरीला त्यानं काडी बुडवली. पाणी खुणेवर होतं. बारा वाजायला पाच मिनिटं असताना त्यानं मैलाच्या दगडाशी गाडी उभी केली. त्या जागी ती गाडी उभी करायची त्याची ही पहिलीच वेळ होती.

कडुनिंबाखाली एक म्हातारी काकड्यांची पाटी घेऊन बसली होती. जयरामनं जयभीम घातला. तिनं घेतला, आणि आपलं नाव चिमणाबाई सांगितलं. दुष्काळी कामाला येवल्याकडून आली, ती इथंच चांदोरीत राहिली. जयरामच्या घशाला कोरड पडली होती. त्यानं विचारलं, की तेव्हा या दगडाशी एक बाई उभी राहायची, आठवते का.

"पुतळाबाई," म्हातारी म्हणाली. "आमच्याच गँगातली."

जयराम म्हणाला, की ती पाणी मागायची.

म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं. "मागायची कशाला? तांब्या भरल्याला असायचा."

जयरामनं दगडाकडे वळून पाहिलं.

"आमाला दिसाला दोन तांबे पानी मिळायचं. त्यातला एक ती ठिवायची. म्हनायची, पान्याच्या गाडीवरचा पोरगा आपल्यातला हाय. खाकी सदरा घालतो, गाडी चालवतो. सगळ्यांला पानी आनतो, त्याला उन्हात कोन पानी देतं? लय कवतिक तिला त्याचं. साऱ्या गँगाला सांगत फिरायची."

"मग?"

"मग काय. ऊन लागलं तिला. हितंच, दगडाला टेकून बसली ती उठली नाय. आमी म्हनलं, बाई, तांब्यातलं पी. तर म्हनली, ते त्याचं हाय. आज थांबंल."

चिमणाबाईनं पाटी डोक्यावर घेतली आणि ती वस्तीच्या वाटेला लागली.

जयराम गाडीपाशी आला. इंजिन चालूच होतं. तो मैलाच्या दगडाला टेकून उभा राहिला. ऊन डोक्यावर आलं होतं आणि दगडाला सावली नव्हती.

वरचा होज चपटा झाला. सुटला. पुन्हा चपटा झाला.

त्यानं पाहिलं, पण तो जागचा हलला नाही. त्याला कसली तरी लाज वाटली, आणि त्या लाजेतच खोल कुठंतरी, कुणी आपलं एवढं कौतुक केलं होतं, याचा अभिमानही वाटला. तो अभिमान त्याला सोसेना. त्यानं डोळे मिटले.

किती वेळ गेला, ते त्याला कळलं नाही. डोळे उघडले तेव्हा दगडाची सावली हातभर लांब झाली होती. इंजिन बंद पडलं होतं. छातीत गार वाटत होतं. निंबाचा वारा आला असेल, असं त्याला वाटलं. निंबाचं पान हलत नव्हतं.

नाशिक रोडला पोहोचला तेव्हा भोंग्याला थोडा वेळ होता. शेडपुढे माणसं जमली होती. नाथा होता, हॉटेलवाला होता, फकिरा मिस्त्री खाटेवर बसला होता. कुणीतरी आधीच शिडी आणून बोर्डाला लावून ठेवली होती.

लंकाबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. जयराम म्हणाला, तहान नाही.

मग त्यानं टोपण उघडलं आणि काडी बुडवली. निम्मी कोरडी. भरून पाहिलं, सव्वा लिटर.

"गेलं म्हंजे कुठंतरी गेलंच," नाथा म्हणाला. "डाग दावा, मिस्त्री."

जयरामनं घडी घातलेलं पांढरं फडकं काढलं आणि ते फकिराच्या हातात दिलं. तूच बघ, म्हणाला. फकिरानं मनापासून पाहिलं. वैर असलं तरी तो कसबी माणूस होता. होज, पंप, हेड, रेडिएटरची एकेक शीर, तो जुना टाका. प्रत्येक वेळी तो फडकं उन्हात धरायचा आणि माणसं पुढे वाकायची. प्रत्येक वेळी फडकं पांढरं.

"नाय," फकिरा शेवटी म्हणाला. त्याला आनंद झाला नव्हता. "कुठंच नाय, जयराम."

त्यानं फडकं परत दिलं. भोंगा वाजला. जयरामनं वर पाहिलं, बापाच्या नावाकडे. मग तो शिडीपाशी गेला आणि पहिल्या पायरीवर त्यानं पाय ठेवला. लोक बाजूला झाले.

"थांबा," लंकाबाई म्हणाली. तिचा आवाज हलका होता. "तुमच्या तोंडाला काय लागलंय?"

त्याला वाटलं, धूळ असेल. हातात होतं तेच फडकं त्यानं ओठांवर दाबलं आणि काढलं.

फकिरा उठून जवळ आला. नाथानं डोक्यावरची टोपी काढली. सगळ्यांनी पाहिलं. पांढऱ्या मांजरपाटावर दोन ओठांचा ठसा उमटला होता, स्वच्छ, ओला, गडद निळा.